पाच डाग, पाच पाणी: ठाण्यातल्या एका फ्लॅटच्या बुरशीकामाच्या नोंदी

जागा: ठाणे, चार मजली इमारतीतला तिसरा मजला, दोन बेडरूम. आरसीसी सांगाडा, बाहेरच्या भिंती ९ इंची विटांच्या, आतल्या साडेचार इंची. बांधकाम पस्तीसेक वर्षांचं. तक्रार नेहमीचीच: दर पावसाळ्यात काळे ठिपके, कुबट वास, दर दिवाळीला रंग आणि पुढच्या जुलैत पुन्हा ठिपके. या नोंदी असंच काम काढणाऱ्यांसाठी आहेत. दर त्या वेळी ठाण्यात पडले ते दिलेत. तुमच्याकडे मजुरी वेगळी पडेल.

९ जुलै २०२३. पाहणी

पाहणी भर पावसातच करावी. मे महिन्यात भिंत कोरडी असते आणि प्रत्येक मिस्त्री छातीठोकपणे वेगळं कारण सांगतो.

पाच ठिकाणी बुरशी सापडली.

डाग १: पश्चिमेची बेडरूम, खिडकीखाली डावीकडे, साधारण ४ फूट बाय अडीच फूट.
डाग २: त्याच खोलीत उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे. कपाट ओढेपर्यंत घरात कोणाला पत्ता नव्हता.
डाग ३: लहान बेडरूम, बाथरूमला लागून असलेली भिंत. लादीपासून दीड फुटापर्यंत सलग पट्टा.
डाग ४: बाथरूमचं छत, बारीक ठिपके.
डाग ५: हॉलमध्ये शोकेसच्या मागे. भिंत पूर्णपणे आतली, जवळपास पाण्याची एकही लाइन नाही. घरच्यांना सगळ्यात मोठं कोडं याचंच होतं.

हे पाच उघड दिसणारे. कुठलंही घर पाहताना आणखी काही जागा उघडून बघाव्यात: सिंकखालचं कपाट, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर, फ्रिजच्या दाराच्या घड्या, एसीचा पाण्याचा ट्रे, बेडच्या खणातल्या गाद्यांची खालची बाजू, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, चामडी चपला-बॅगा आणि भिंतीला चिकटवलेल्या वॉलपेपरची मागची बाजू. इथे माळ्यावरच्या दोन खोक्यांना आणि एका कापसाच्या गादीला बुरशी निघाली. खोके टाकून दिले.

डाग १ वर काळ्या ठिपक्यांसोबत पांढरा कापसासारखा थरही होता. घरच्यांच्या मते ती पांढरी बुरशी. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर तो विरघळून गेला. म्हणजे तो लोणा, विटा-गिलाव्यातला खार. बुरशी पाण्यात विरघळत नाही. लोणा दिसला की एवढं नक्की, की त्या भिंतीतून पाणी प्रवास करून आत आलं आहे. डाग २ आणि ५ वर लोणा अजिबात नव्हता. ही पहिली खूण.

काळा रंग बघून घरच्यांनी २०२१ मधल्या ‘काळ्या बुरशी’चा विषय काढला. तो आजार म्युकरमायकोसिस. मुख्यतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या कोविड रुग्णांना झाला होता, आणि काळेपणा असतो तो मेलेल्या पेशींचा. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची असते. म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस घरात असेल तर त्यांनी सफाईच्या दिवशी घराबाहेरच राहावं. इथे आजोबांना दमा आहे, त्यामुळे पुढची सगळी तोडफोड ते गावी गेलेले असतानाच केली.

हत्यारं: डिजिटल आर्द्रतामापक तीन (प्रत्येकी ४५० रुपये), भिंतीत दोन सुया टोचून ओल दाखवणारा मीटर (१,९००), तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन (१,३००).

स्वस्त आर्द्रतामापकांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओला रवा होईल इतपत भिजवायचं आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवायचं. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तीन मापकांनी ६९, ७४ आणि ८१ दाखवले. प्रत्येकाच्या पाठीवर किती मिळवायचे-वजा करायचे ते लिहून चिकटवलं. ही तपासणी केली नसती, तर पहिल्या मापकावर अख्खं घर ‘ठीक’ निघालं असतं.

१२ जुलै. प्लास्टिकची चाचणी

दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक, चारही कडा पॅकिंग टेपने बंद, ४८ तास. भिंतीवरचा डिस्टेंपर ओल्या फडक्याने पुसून आणि वाळवून मगच टेप लावावी, नाहीतर भुकटीसकट निघून येते. डाग १ चं प्लास्टिक याच कारणाने दुसऱ्यांदा लावावं लागलं.

निकाल असा. डाग १ आणि ३: प्लास्टिकच्या आतून, भिंतीच्या बाजूने थेंब. पाणी भिंतीतून येतंय. डाग ५: सकाळी प्लास्टिकच्या बाहेरून, खोलीच्या बाजूने ओल. हवेतलं पाणी भिंतीवर धरतंय. डाग २: दोन्ही बाजू कोरड्या, आणि तरीही बुरशी.

डाग २ वरून इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. बुरशीला वाहतं पाणी लागत नाही. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तेवढ्यावर तिचं भागतं. खायला डिस्टेंपर, धूळ, कपाटाच्या पाठीचं प्लायवुड असतंच. खोलीत २८ अंश आणि ७८ टक्के होते. कपाटामागची भिंत गनने २६ अंश दाखवत होती, कारण बाहेरून ती पावसाने भिजत होती. आर्द्रतामापक कपाट आणि भिंत यांच्या फटीत दोरीने सोडला तर ८८. दोन अंशांच्या फरकात दहा टक्के वाढ. कपाट भिंतीला टेकलेलं असल्याने ती हवा हलतही नव्हती.

१६ जुलै. डाग ५ आणि एसी

हॉलच्या या भिंतीपलीकडे मोठी, म्हणजे पश्चिमेची बेडरूम आहे. तिथला एसी समोरच्या भिंतीवर, म्हणजे थेट याच भिंतीवर झोत मारतो. रात्रभर २० अंशांवर चालतो. पहाटे हॉलच्या बाजूने भिंत २३.५ अंश आणि हॉलची हवा २९ अंश, ८० टक्के.

किती तापमानाला दव धरेल याचा ढोबळ हिशेब: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, तो आकडा खोलीच्या तापमानातून वजा करा. इथे (१०० − ८०) ÷ ५ = ४, आणि २९ − ४ = २५. भिंत २५ च्या खाली गेली की तिला घाम फुटणारच. याआधी दोन वर्षं या भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा रंग मारून झाला होता. दुखणं हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

बदल: एसी २६ वर, झोताच्या पट्ट्या वर वळवल्या, शोकेस भिंतीपासून ४ इंच पुढे. दुसऱ्या पहाटे भिंत २७.५. पाणी धरणं थांबलं. पण हॉलची हवा तशीच दमट असल्याने भिंतीलगतची आर्द्रता ८५ च्या पुढेच राहते, म्हणून हॉलचा पंखा रात्री मंद चालू ठेवायला सांगितलं. खर्च शून्य.

२३ जुलै. तात्पुरती सफाई

कायमची दुरुस्ती ऑक्टोबरनंतर होणार. तोवर बुरशीचे कण घरभर फिरू नयेत इतकीच ही सफाई.

पंखा बंद, खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत ओलं फडकं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, मग पुसणं. कोरड्या भिंतीवर ब्रश किंवा झाडू मारला की कण हवेत उडतात आणि स्वच्छ खोलीतही जाऊन बसतात. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर हे कण मागच्या बाजूने फेकतोच. फडकी धुवायची नाहीत. पिशवीत बांधून टाकायची.

ब्लीचबद्दल. टाइल्स, सिरॅमिक, काच यांवर ठीक. गिलाव्यावर ते वरचा रंग उडवतं, डाग गेल्यासारखा दिसतो, पण त्यातलं पाणी आत मुरतं आणि आतली बुरशी तशीच राहते. इथे आधी मारलेल्या ब्लीचची पांढरी बेटं दिसत होती आणि त्यांच्या मधोमध नवे काळे ठिपके. शिवाय ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकाच बाथरूममध्ये एकापाठोपाठ कधीही वापरू नये. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ब्लीच आणि अमोनिया यांचीही गाठ घालू नये.

गिलाव्यावर साबणाच्या पाण्यानंतर टाकणखार वापरला: ४ लिटर गरम पाण्यात साधारण २०० ग्रॅम. लावून पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. लहान मुलं भिंत चाटतील त्या उंचीवर आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नको.

कोकणातल्या घरांत चुन्यात मोरचूद घालून भिंती रंगवायची रीत आहे, तिच्याबद्दल घरच्यांनी विचारलं. ताजा चुना कडक अल्कधर्मी असतो, बुरशी त्यावर धरत नाही आणि भिंतीला श्वास घेता येतो. पण वर्षभरात हवेने तो निवतो, म्हणून तिकडे दरवर्षी सफेदी करतात. इमल्शनचे पाच थर असलेल्या भिंतीवर चुना धरतही नाही. मोरचूद विषारी, म्हणून राहत्या खोलीत टाळलं.

मास्क, मोजे, पिशव्या, टाकणखार मिळून १,१०० रुपये.

३० जुलै. घरात पाणी कुठून येतं

एका वेळचे धुतलेले, मशीनमध्ये पिळलेले कपडे वाळताना दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते पश्चिमेच्या बेडरूममध्ये दोरीवर वाळत होते, डाग २ च्या समोर. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे २२ लिटर, भाताची-डाळीची वाफ वेगळी. चिमणी होती, पण तिच्या नळीचं तोंड माळ्यात सोडलेलं. माळ्यावरचे खोके का कुजले ते तिथेच कळलं. नळी खिडकीतून बाहेर काढली: ९०० रुपये.

पावसाळ्यात ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. बाहेर ९० टक्के असताना खिडकी उघडली तर बाहेरचंच पाणी आत येतं. आत-बाहेर दोन मापक ठेवा. तापमान सारखंच असताना बाहेरचा आकडा कमी दिसेल तेव्हाच उघडा.

१३ ऑगस्ट. बाथरूमचा तपास (डाग ३ आणि ४)

डाग ४ सोपा निघाला. एक्झॉस्ट पंखा होता, चालतही होता. त्याच्या बाजूच्याच काचेच्या पट्ट्या कायम उघड्या. उदबत्ती धरून पाहिलं: धूर पट्ट्यांतून येणाऱ्या हवेबरोबर सरळ पंख्यात, आणि छताखालची वाफ जागच्या जागी. पट्ट्या बंद केल्या, दार खालून एक इंच कापलं, आंघोळीनंतर पंखा अर्धा तास. नवा पंखा घेण्याचा बेत रद्द, १,७०० वाचले.

डाग ३ साठी भिंतीतली लाइन की जमीन, हे आधी ठरवायला हवं. प्लंबर बहुतेक वेळा थेट फोडायलाच सुरुवात करतात. लाइनच्या तोंडांना बूच मारून हातपंपाने ५ किलोचा दाब दिला, तासभर काटा जागचा हलला नाही. लाइन ठीक. मग नहाणी ट्रॅपला (जमिनीतून पाणी जाण्याच्या जाळीखालच्या तोंडाला) बूच मारून जमिनीवर दोन इंच पाणी भरलं. भरण्याआधी खालच्या मजल्यावर सांगून ठेवावं. त्यांच्या छतातून ठिबकलं तर सकाळी भांडण ठरलेलं. पातळी पेन्सिलने खुणावली. २४ तासांत पाऊण इंच उतरली. नुसत्या बाष्पीभवनाने दोन-चार मिलिमीटरच जातात. बेडरूमच्या बाजूला ओलमीटर १९ वरून २८ वर गेला. म्हणजे गळतंय ते जमीन आणि भिंत यांच्या सांध्यातून, किंवा ट्रॅपच्या कॉलरमधून (तोंडाभोवतीच्या जोडातून).

पाण्यात खायचा रंगही घातला होता. पलीकडे काहीच उमटलं नाही. वीट आणि कोबा रंग गाळून घेतात. रंग दिसला तर पुरावा, नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

ओलमीटरबद्दल एक लक्षात ठेवायचं: लोणा असलेल्या भिंतीत खारामुळे आकडा उगाच चढतो. म्हणून आकडा पाहायचा तो त्याच घरातल्या कोरड्या भिंतीशी ताडून. इथली कोरडी आतली भिंत ९ दाखवत होती.

१४ ऑक्टोबर. बाहेरची भिंत (डाग १)

मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. भिंत वाळायला आणखी थोडा वेळ द्यावासा वाटत होता, पण दोरीवरचे कामगार दिवाळीनंतर गावी जातात.

बाहेरच्या भिंतीची गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चात येते. घरातल्या संडास-बाथरूमची गळती ज्या-त्या सदस्याच्या. हे पत्र-फोटोंसह जुलैतच कमिटीला दिलं होतं म्हणून मंजुरी वेळेत मिळाली. या एका भिंतीचे ४६,००० रुपये सोसायटीने दिले.

दोरीवरून हातोडीने टकटक करत पोकळ गिलावा शोधला. बीम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथे आडवी भेग, जवळजवळ सगळ्या रुंदीभर. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी पसरत नाहीत, म्हणून या सांध्यावर साधा गिलावा फाटतोच. आधीच्या रंगाऱ्यांनी त्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरलेली होती. भेग इंग्रजी व्ही आकारात १० मिमी खोल कापली, धूळ ब्रशने काढली, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच जाईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ठोकून वर नवा गिलावा. छज्जा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात वाटा (मसाल्याची गोलसर उतरती पट्टी) मारला. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी गळून पडण्यासाठी खाच होती, ती रंगाने बुजलेली, पुन्हा कोरली.

पण पाण्याचा मोठा वाटा निघाला खिडकीतून. स्लायडिंग खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला भोकं असतात. ती लांबीने बंद झालेली. पावसाचं पाणी पट्टीत साचून आतल्या बाजूने उतू जात होतं आणि खिडकीखालच्या गिलाव्यात मुरत होतं. भोकं तारेने मोकळी केली आणि ५ मिमीच्या ड्रिलने साफ केली. दहा मिनिटांचं काम. भिंत फोडायच्या आधी ही भोकं बघा.

चौकटीभोवती जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरलं. चौकटीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार नव्हता, तो दिला.

पाइपने फवारा चाचणी: खालून सुरुवात, प्रत्येक उंचीवर पंधरा मिनिटं, मग फूटभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र याच चाचणीत सापडलं. मसाला पक्का झाल्यावर बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात.

२१ ऑक्टोबर. आतला गिलावा

डाग १ चा गिलावा विटेपर्यंत काढला, डागाच्या कडेपासून एक फूट जास्त. काढण्याआधी फवारा. मलबा खोलीतच गोणीत भरून, तोंड बांधून मग बाहेर. विटा दोन दिवस पंख्यावर सुकवून १२ मिमीचा नवा गिलावा. आत पीओपी नको असं बजावलं. पीओपी म्हणजे जिप्सम, ओल धरून ठेवतं.

६ नोव्हेंबर. दिवाळीचा रंग

१२ तारखेला लक्ष्मीपूजन. भिंत उघडी दिसते म्हणून घरच्यांचा आग्रह, आणि रंगारीही तयार. ओलमीटर अजून २१ दाखवत होता. लांबी, प्रायमर, दोन हात रंग: ४,२०० रुपये. हे होऊ द्यायला नको होतं.

२० नोव्हेंबर. बाथरूम, स्वस्तातला उपाय

टाइल्स न फोडता सगळे सांधे कापून एपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला), ट्रॅपची कॉलर नव्याने बसवली. ६,५०० रुपये. पाणी पुन्हा भरलं: २४ तासांत पाव इंच. कमी झालं, थांबलं नाही. खालचा कोबा आधीच पाण्याने भरलेला असतो आणि जमीन-भिंत सांध्यात टाइलच्या मागे पोकळी असते. वरून भरलेलं ग्राउट तिथवर पोचत नाही. गळती नुकती सुरू झाली असेल तर हा उपाय चालतो. ज्या भिंतीवर दीड फूट पट्टा उमटला आहे तिथे पैसे वाया.

२ डिसेंबर. बाथरूमची फोडतोड

जमीन आणि सभोवार दीड फूट टाइल्स काढल्या. सांध्यात मसाला नव्हताच, नुसती रेती. ओला कोबा काढला, जमीन चार दिवस पंख्यावर. कोपऱ्यांना वाटा, ट्रॅपभोवती खाचा करून न आकसणारा ग्राउट. मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भिंतीवर सगळीकडे एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. शॉवरच्या भिंतीवरच्या टाइल्स काढायला मिस्त्री नाखूष होता. पण तिथे एक फुटावर थांबलं तर पाणी वरून मागे शिरतं.

टाइल्स लावण्याआधी पुन्हा पाणी, या वेळी ७२ तास. पातळी २ मिमीच्या आत. मगच टाइल्स. एकूण ४१,००० रुपये. तेवढ्या काळात घरच्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आंघोळीची सोय केली.

१० डिसेंबर. फुगे

डाग १ वरचा दिवाळीचा रंग फुगला. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधत होती, वर इमल्शनची चादर. हाताने सोलला गेला. मागे बुरशी नव्हती, फक्त ओल आणि थोडा लोणा. सगळं खरवडून भिंत उघडी ठेवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. धुतला तर तो पुन्हा विरघळून आत जातो.

२० जानेवारी २०२४. रंग

डाग १ वर ओलमीटर १०, डाग ३ वर १२. डाग ३ चा गिलावाही डिसेंबरातच नवा केला होता. नवा गिलावा साधारण २८ दिवस तरी उघडा राहिला पाहिजे. दिवसांपेक्षा आकडा बघावा. पांढऱ्या सिमेंटच्या लांबीचे दोन हात, अल्कली सोसणारा प्रायमर, बुरशीरोधक इमल्शनचे दोन हात. त्यातलं औषध काही वर्षांत संपतं. भिंत ओली राहिली तर तो रंगही काळा पडतो. गिलावा आणि रंग मिळून १९,५०० रुपये, दिवाळीचे ४,२०० वेगळे.

२८ जानेवारी. कपाट (डाग २)

कपाटाची ६ मिमी प्लायची पाठ टाकून नवी लावली, मागच्या बाजूला पॉलिश आणि वर-खाली हवेची भोकं: ३,२०० रुपये. कपाट भिंतीपासून ३ इंच. सुताराने पाय दिले, त्यामुळे खालूनही हवा जाते. कपडे वाळत घालायची दोरी बाथरूममध्ये, एक्झॉस्टखाली. गादीची खोळ फेकली, कापूस पिंजून उन्हात. वास गेला नसता तर गादीही टाकली असती. कापसात आत गेलेली बुरशी धुऊन निघत नाही.

हवेतलं पाणी ओढणारा, दिवसाला १२ लिटरचा एक डिह्युमिडिफायर घेतला, १४,५०० रुपये. हे १२ लिटर सहसा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेले असतात. हवा कोरडी होत जाते तसं पाणी कमी निघतं. खिडक्या बंद ठेवूनच चालवायचा, आणि टाकी हाताने ओतण्याऐवजी नळी बाथरूमच्या ट्रॅपमध्ये सोडायची.

१४ जुलै २०२४. पावसाळ्यातली तपासणी

सलग मुसळधार पावसानंतर मोजलं. डाग १: ओलमीटर ११, लोणा नाही. डाग ३: १०. डाग ४: छत स्वच्छ. डाग २: फटीत ७६ टक्के, खोलीत ६८ (डिह्युमिडिफायर रोज सहा तास). ६० गाठता आले असते तर बरं, पण मग विजेचं बिल आणि आवाज यावरून घरात कुरबुर होते. खोलीत ७० च्या खाली राहिलं की भिंतीवर बुरशी धरत नाही असं ठरवून तिथे थांबलो.

खिडकीच्या पट्टीतली भोकं पुन्हा निम्मी बुजलेली, या वेळी धूळ आणि पानांनी. दर मे महिन्यात तार फिरवावी लागेल.

घरच्यांचा खर्च, चिमणीची नळी आणि दिवाळीचा वाया गेलेला रंग धरून, ९५,४५० रुपये. त्यातले १०,७०० टाळता आले असते: दिवाळीचा रंग आणि बाथरूमचं एपॉक्सी. हत्यारांचे ४,५५० आधी खर्चले नसते तर डाग ५ साठी पुन्हा एकदा वॉटरप्रूफिंग झालं असतं.

१८ ऑगस्ट २०२४. डाग ५, पुन्हा

शोकेसच्या मागे हाताच्या तळव्याएवढे ठिपके. पाहुणे होते त्या काळात एसी २१ वर आणि हॉलचा पंखा बंद. साबणाच्या पाण्याने पुसून टाकणखार लावला. शोकेस आता समोरच्या भिंतीला हलवली आहे, म्हणजे ही भिंत पंख्याच्या वाऱ्यात उघडी राहील. एसीची जागा बदलायचा अंदाज मागवला: तांब्याची नळी वाढवणं, गॅस आणि मजुरी धरून ७,५००. ऑक्टोबरात करायचं ठरलं. नळीच्या भोकाला बाहेरच्या बाजूने उतार आणि भोवती पक्कं सील हवं, नाहीतर पश्चिमेच्या पावसात सहावा डाग तिथेच निघेल.